गुणाजीच्या ओळखीचे बुवा

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर गुणाजी घाडी ज्याला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता, निदान गुणाजीचं तरी तसं म्हणणं होतं. रेशन दुकानदाराचा मेव्हणा त्याच्या मामाच्या वाडीतला, बस डेपोतला टाइमकीपर त्याच्या आतेभावाच्या वर्गातला, आणि वॉर्डाचा नगरसेवक तर "आपला घरचाच". यातलं खरं किती नि पदरचं किती, हे तपासायला चाळीत कोणी जात नसे, कारण माणूस मनाचा चांगला होता. त्याने थाप मारली ती कुणाला बुडवायला कधीच नाही. आमटीत गुळाचा खडा टाकावा तशी तो गप्पांत थाप टाकायचा. फक्त त्याचा खडा दर वर्षी थोडा मोठा होत जायचा, इतकंच.

गिरणीचा संप चिघळल्यावर गुणाजी साकीनाक्याच्या एका बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला लागला होता. पुठ्ठ्याच्या घडीत एकेक बल्ब बसवायचा आणि खोकं बंद करायचं, हे काम. "माझ्या हातून आजवर एक बल्ब फुटलो नाय," असं तो छाती काढून सांगायचा, आणि नवल म्हणजे हे खरं होतं.

खरी म्हणता येईल अशी त्याची आणखी एक गोष्ट होती. गाऱ्हाणं. कोकणातल्या माणसाचं कुठलंही कार्य देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने हातात नारळ धरून देवाला सगळं मोकळेपणाने सांगायचं: आम्ही कोण, कुठले, आज काय मांडलंय, कोण पाहुणा आलाय, काय चुकलंमाकलं. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" गावात गाऱ्हाण्याचा मान घाड्यांचा. तो गुणाजीच्या बापाकडून गुणाजीकडे आला आणि गुणाजीबरोबर असल्फ्याला आला. सार्वजनिक पूजा असो की चाळीच्या नळाला मोठा पाइप बसवणं असो, गुणाजीचं गाऱ्हाणं हवंच. बापाने त्याला एकच गोष्ट बजावून ठेवली होती: नारळ हातात असताना खोटं बोललास तर नारळ नासका निघेल. म्हणून बाकी जगाशी काहीही बोलणारा गुणाजी देवाशी बोलताना मात्र चोख असायचा.

आता दशरथबुवांचं बघा. दशरथबुवा म्हणजे भजनातलं मोठं नाव. कॅसेटा निघालेल्या, मुंबईत आले की कोकणी माणूस पोराबाळांसह ऐकायला जाणार. त्यांची खासियत म्हणजे ती उंच पट्टी. बाकीचे बुवा जिथे पोचून घाम पुसायचे तिथून दशरथबुवांची सुरुवात. गुणाजीच्या मेव्हण्याने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला होता. दर रविवारी सकाळी त्यावर बुवांचा गजर लागायचा आणि चाळीला उठावंच लागायचं.

खरी गोष्ट एवढीच, की वीसेक वर्षांपूर्वी गुणाजीच्या गावी, आंबेवाडीला, सप्त्यात बुवांचं भजन झालं होतं. बुवा तेव्हा कोवळे होते, नाव झालेलं नव्हतं. एसटी व्हाळाच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, अलीकडेच थांबायची. बुवांची बाजाची पेटी डोक्यावर घेऊन व्हाळ ओलांडून देवळापर्यंत कुणीतरी न्यायची होती, ती गुणाजीने नेली. पाण्यात उतरताना बुवा मागून, एसटीपाशी सामान मोजता मोजता, म्हणाले, "सांभाळून रे." गुणाजीचा आणि बुवांचा सगळा संवाद तो एवढाच. या गोष्टीला एक शेपूटही होतं, पण ते गुणाजीने स्वतःलासुद्धा सांगायचं सोडून दिलं होतं.

असल्फ्यात आल्यावर मात्र गोष्टीला अंग धरायला लागलं. आधी गुणाजीने बुवांची पेटी उचलली होती. पुढे तो सप्ताभर उचलू लागला. मग तो बुवांच्या मागे झांज घेऊन बसायला लागला. मग दोघं एका ताटात जेवले. आणि एका गणपतीत, आरतीनंतरच्या रंगात, शेजारच्या मालनने सहज विचारलं, "भावजी, बुवांचा आवाज पहिल्यापासनंच इतका वर चढायचा का हो?" तेव्हा गुणाजीने शांतपणे सुपारी कातरत सांगितलं, "कसला? खालीच गायचा तो. ती वरची पट्टी मीच लावून दिली त्याला."

चाळ थक्क झाली. मालन कऱ्हाडकडची बाई, सगळं पारखून घेणारी. तिने भुवई वर केली. गुणाजीची बायको रुक्मिणी तिथेच बसून मोदकाची भांडी आवरत होती. रुक्मिणी आंबेवाडीच्याच खालच्या वाडीतली. ती नवऱ्याची कुठलीही गोष्ट कधी खोडत नसे, नुसती गालात हसायची. त्या हसण्याला गुणाजी कौतुक समजायचा.

असं सगळं सुखाने चाललं होतं. मग शहाऐंशीच्या जानेवारीत चंद्रप्रकाशने घोटाळा केला.

चंद्रप्रकाश म्हणजे चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. बँकेत क्लार्क, उत्साहाला कमी नाही. दर सव्वीस जानेवारीला सुट्टी साधून चाळीत सत्यनारायण व्हायचा आणि संध्याकाळी पडद्यावर सिनेमा. या वर्षी पोरगं हसत हसत गुणाजीच्या दारात उभं राहिलं.

"काका, झकास बातमी आहे. यंदा सिनेमा कॅन्सल. दशरथबुवांचं भजन! मी स्वतः फोनवर बोललो. म्हटलं, तुमच्या गुणाजीची चाळ आहे, नाही म्हणायचं नाही."

गुणाजीने चहाचा कप बशीत ठेवला. "मगे? बुवा काय म्हणाले?"

"म्हणाले, असां काय? बरां, बरां."

"बघ," गुणाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"आणि भजनाआधी बुवांची सोय तुमच्याच खोलीत. घरचा माणूस असताना दुसरीकडे कशाला? गाऱ्हाणं झालं की बुवा तुमच्याबद्दल दोन शब्द बोलतील, असं मी जाहीर करणारे. चालेल ना?"

मालन गॅलरीतून ऐकत होतीच. ती म्हणाली, "चालेल की! आम्ही सगळ्यांच्या पुढं सतरंजी टाकून बसतो. आणि सेक्रेटरी, एक विचारू? थापाड्या माणसाच्या तोंडचं गाऱ्हाणं देव ऐकतो का हो?"

"ते मधेच काय, काकू?"

"काही नाही. आपली शंका."

ही शंका गुणाजीच्या बरगडीत जाऊन बसली. थापा उघड्या पडल्या तर चार दिवस लोक हसतील, ते चालेल. पण गाऱ्हाण्याचा मान गेला तर? मग पुढच्या पूजेला नारळ दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात, आणि आपण मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणणार. बापाच्या वेळेपासूनची एवढी एकच गोष्ट त्याने गावाकडून सांभाळून आणली होती.

"तुमच्या दोस्ताक चाय कशी लागता?" रुक्मिणीने त्या आठवड्यात विचारलं. "दुधाची की कोरी?"

"दुधाची," गुणाजी ठणकावून म्हणाला.

"आणि साखर?"

"ती... त्या दिवशी विचारूया."

"विचारा हां. इतक्या वर्सांची दोस्ती, बदलली आसात आवड," असं म्हणून रुक्मिणी हसली. या वेळी गुणाजीला ते हसणं कौतुकाचं वाटलं नाही.

सव्वीस तारखेला दुपार कलता कलता टॅक्सी टेकडीच्या पायथ्याशी थांबली. बुवा उतरले. कॅसेटच्या वेष्टनावर भव्य दिसणारा माणूस प्रत्यक्षात बुटका, सुकलेला, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला. बरोबर पखवाजवाला धाकू. गुणाजी हार घेऊन पुढे झाला, आणि मनाशी घोकलेलं वाक्य म्हणून मोकळा झाला: "बुवानूं, वळाखलास काय?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

धाकूने खुलासा केला. "बुवा भजनाआदी बोलत नाहीत. सकाळपासून मौन. एकदम भजनालाच तोंड उघडणार. ती उंच पट्टी आहे ना, गळा जपायला लागतो."

गुणाजीला त्या घटकेला धाकूच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली. बोलत नाहीत! म्हणजे भजनापर्यंत तरी अब्रू सुखरूप होती. आनंदाच्या भरात तो पेटी उचलायला वाकला, तर बुवांनी त्याच्या हातावर टपली मारली आणि पेटी स्वतःच छातीशी धरली.

"पेटी ते कोणाच्या हातात देत नाहीत," धाकू म्हणाला. "मोठमोठ्या माणसांनासुद्धा नाही. कधीतरी कायतरी झालं होतं म्हणतात."

गुणाजीने घाईघाईने हात मागे घेतला.

खोलीत बुवा खाटेवर बसले. दारात, खिडकीत, माळ्याच्या शिडीवर, जागा मिळेल तिथे चाळ जमली. धाकूला पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला कणीक हवी होती, ती मालनने स्वतः मळून आणली. एवढ्या बळावर तिने पहिल्या रांगेतली जागा मिळवली, आणि बसल्या बसल्या तोफ डागली.

"बुवा, आमचे भावजी तुमच्या मागं झांज वाजवायचे म्हणे?"

बुवांनी नुकताच चहाचा घोट घेतला होता. त्यांनी कपाकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि हात हलवला.

"बुवा म्हणतात, जुन्या गोष्टी कशाला काढता," गुणाजी म्हणाला.

"बुवा म्हणतत, चायत साखर जास्ती झाली," आतून रुक्मिणी म्हणाली आणि दुसरा कप घेऊन आली.

"दोन्ही म्हणतात," गुणाजी म्हणाला.

मौनाचा हा फायदा लक्षात आल्यावर मात्र त्याला चेव चढला. माणूस बुडता बुडता वाचला की किनाऱ्यावर जरा जास्तच उड्या मारतो. बुवांनी डोकं खाजवलं, तर गुणाजीने सांगितलं की त्यांना सप्त्याचं साल आठवत नाहीये. बुवांनी पंख्याकडे बोट दाखवलं, तर त्यांना देवळातलं झुंबर आठवलं. बुवांनी जांभई दिली, तेव्हा गुणाजी हळव्या आवाजात म्हणाला, "रात्र रात्र जागायचो आम्ही दोघे." चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत तर पाणीच यायचं बाकी राहिलं.

"आणि ती वरची पट्टी," मालनने शेवटचा बाण काढला, "ती भावजींनीच तुम्हाला लावून दिली म्हणे?"

बुवांना ठसका लागला. चहा नाकात गेला. धाकूने पाठ चोळली. ठसका थांबल्यावर बुवांनी कप खाली ठेवला आणि गुणाजीकडे वर-खाली, खाली-वर असं निरखून पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. मग पुन्हा गुणाजीकडे.

गुणाजी ताडकन उठला. "बुवांना आता विश्रांती हवी," एवढं कसंबसं म्हणून त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि कडी लावली.

खोलीत आता दोघंच. बाहेर मांडवात माइकवाला "हॅलो, हॅलो, वन टू" करत होता. रुक्मिणी आतल्या मोरीपाशी होती, पण ती घरचीच. ज्या माणसाचा आवाज ऐकत गुणाजीने वीस वर्षं काढली, संपाच्या काळात चूल थंड असताना ज्याच्या गजरावर घराने रविवार काढले, तो माणूस हाताच्या अंतरावर त्याच्याच खाटेवर बसला होता. त्याला किती काय सांगायचं होतं! पण सांगायची वेळ आली ती भलतीच गोष्ट.

"बुवानूं," तो जमिनीवर बसत म्हणाला, "मी तुमचो कोण नाय. एकदा तुमची पेटी डोक्यार घेतललंय, आंबेवाडीक. बाकी सगळा मी आपल्या पदरचा घातलंय. झांज नाय, ताट नाय, पट्टी नाय. आता तो सेक्रेटरी तुमका दोन शब्द बोलूक सांगतलो. तुमी नुसता 'आमचो गुणाजी' म्हणा. खोटा बोला असा म्हणत नाय. 'आमचो' म्हटल्यार काय खोटा नाय ना? लोक म्हणतत, थापाड्याचा गाऱ्हाणा देव ऐकना नाय. तेवढो एक मान आसा माका. तो ऱ्हवाक होयो."

बुवा डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एक बोट वर केलं. एक म्हणजे काय? एक शब्द बोलेन? एक मिनिट थांब? की देव एक आहे? दिवसभर बुवांच्या जांभईचाही अर्थ सांगणाऱ्या माणसाला या एका बोटाचा अर्थ लागेना. तेवढ्यात दार वाजलं. बुवा उठले, पेटी छातीशी धरून निघाले. गुणाजी मागून चालला, हात अगदी पाठीशी बांधून.

मांडव गच्च भरला होता. मालन शब्दाला जागून सगळ्यांच्या पुढे बसली होती. बुवा पेटीसमोर बसले, पण अजून ओठ मिटलेलेच. चंद्रप्रकाशने माइक हातात घेतला. "आता गुणाजीकाका गाऱ्हाणं घालतील. त्यानंतर दशरथबुवा आपल्या जुन्या मित्राबद्दल दोन शब्द बोलतील." टाळ्या पडल्या. कुणीतरी गुणाजीच्या हातात नारळ दिला.

नारळ हातात आला आणि गुणाजीचा आवाज बदलला. तो नेहमीच बदलायचा. बापाचा आवाज त्याच्या गळ्यातून यायचा.

"बा देवा, बारा पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडव गरजला.

"आज ह्या असल्फ्याच्या डोंगरार तुझ्या लेकरांनी सत्यनारायण मांडललो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो धंदो बसललो आसात, कोणाची नोकरी गेलली आसात, तेंका हात दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज दशरथबुवा आमच्या दारात इलेले आसत..." इथवर आला आणि थांबला. पाहुण्याचं नाव घेतलं की तो आपला कोण ते सांगायचं, ही गाऱ्हाण्याची रीत. सगळा मांडव वाट बघत होता. नारळ एकदम जड झाला. मित्र म्हणावं? मालनला फसवता येतं, चंद्रप्रकाशला तर बसल्या जागी. पण हे वेगळं होतं. त्याने डोळे घट्ट मिटले.

"...ते माझे कोण नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडव सवयीने गरजला.

"ह्यो गुणाजी घाडी धा वर्सां तुझ्या लेकरांका थापो मारता हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मधेच काही आवाज अडखळले. बायकांच्या बाजूने खसखस पिकली. गुणाजीला आता थांबता येत नव्हतं. घरात बुवांना जे सांगितलं नव्हतं, ते शेपूटही बाहेर आलं.

"ह्येनी एकदाच बुवांची पेटी डोक्यार घेतली. आणि व्हाळात ह्येचो पाय घसरलो. पेटीचो एक कोपरो पाण्यात बुडालो, रे म्हाराजा! ह्येनी तो टॉवेलान पुसलो आणि कोणाक काय सांगूक नाय! जा काय चुकला, ता पोटात घे. ह्या नारळाक नासको करू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा शेवटचा हुंकार मांडवाने पोट धरून हसत दिला.

चंद्रप्रकाशने गोंधळून नारळ घेतला नि पायरीवर आपटला. मालन मान लांब करून बघत होती. खोबरं पांढरं स्वच्छ निघालं. तिने मुकाट्याने हात जोडले. पण गुणाजी ते बघायला थांबला नव्हता. तो खाली मान घालून माणसांतून वाट काढत होता, तोच माइकवरून एक घोगरा आवाज आला.

"थांब रे."

बुवांनी मौन सोडलं होतं.

"सांभाळून म्हटललंय ना मी तुका?"

गुणाजी मागे वळला.

"ऐका," बुवा लोकांकडे वळून म्हणाले. "आंबेवाडीच्या देवळात ही पेटी उघडलंय, तर आतून पाणी! पेटीची दुसरी काळी, काळी दोन, ती माझी पट्टी. दाबतंय, तर आवाजच नाय. मुकी. देऊळ भरलला, आता गायचा कसा? म्हटलंय, जाऊंदे, फुडची, वरची काळी घेवया. काळी तीन धरलंय. घसो फाटाची पाळी. पण लोक उठाक तयार नाय! म्हणूक लागले, ह्यो बुवा आभाळातसून गाता. त्या दिवसापासून माझा नाव झाला."

कुणीतरी टाळी वाजवली. बुवांनी हाताने थांबवलं.

"टाळ्यो कसल्यो वाजवतास? मगे पेटी दुरुस्त केलंय, पण लोक माका खाली येवक देतत? खालच्या पट्टीत गायलंय काय म्हणतत, बुवा थकलो. वीस वर्सां घसो टिकवूसाठी मी भजनाआदी तोंड शिवून बसतंय. बायल इचारता, माझा लगीन माणसाशी झाला की भिंतीशी? आणि ह्या सगळ्याचो धनी कोण, ता माका आज समाजला!" त्यांनी मालनकडे बोट दाखवलं. "ही बाय मघाशी म्हणाली ना, वरची पट्टी ह्येनी लावून दिली? शंभर टक्के खरा आसा ता! ह्यो आमचो गुणाजी. ह्येका हय माझ्या बाजूक बसवा. फक्त, पेटी परत ह्येच्या डोक्यार देव नकात."

हसू आणि टाळ्या ओसरायच्या आतच बुवांनी काळी तीन दाबली आणि गजर उचलला. धाकूचा पखवाज बोलायला लागला. गुणाजी बुवांच्या बाजूला बसला होता, हातात कुणी दिलेली झांज होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताल चुकत होता. बुवांनी एकदा तिरक्या नजरेने बघितलं आणि पुढे गात राहिले.

मध्यंतरात बुवांसाठी गरम पाणी आणायला तो खोलीकडे गेला. रुक्मिणी तांब्या भरून दारातच उभी होती.

"बघलंस?" गुणाजी म्हणाला. त्याची छाती पुन्हा भरायला लागली होती. "बुवा स्वतः म्हणाले. आमचो गुणाजी!"

"ऐकलंय."

"पेटीचा मी कोणाक सांगूक नव्हतंय. तुकासुद्धा नाय."

"माका कशाक सांगूक व्हया?" रुक्मिणीने तांब्या त्याच्या हातात दिला. "मी त्या दिवशी व्हाळार धुणा धुयत होतंय. तुमी आपाटलास, पेटी बुडवलास, हय थय बघलास आणि टॉवेलान पुसलास. सगळा बघललंय मी."

गुणाजीच्या तोंडाचा आ झाला. "आणि कधी बोलूक नाय?"

"काय बोलाचा?" रुक्मिणी हसली. "सगळा बघान मगेच तुमका लग्नाक हो म्हटलंय. जावा आता, बुवा वाट बघतहत. आणि तांब्यो सांभाळून न्या."